उत्तर पाठ आहे, पण विचार बोलून दाखविता येतो का?



एच. एस. सी.ची परीक्षा साधारणपणे नोव्हेंबरात संपते आणि बहुतेक घरांत वह्या-पुस्तके कपाटात जातात. निकाल पुढच्या वर्षाच्या आरंभी. तोवर आईवडिलांनी देवाचे नाव घ्यावे आणि मुलांनी समुद्रावर जावे, असा हा काळ. परंतु आपल्यातील काही मुलामुलींची कसोटी तेव्हा संपलेली नसते. ज्यांनी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजकडे अर्ज केलेला असतो, त्यांच्यापैकी निवडक उमेदवारांना डिसेंबरात मुलाखतीचे बोलावणे येते. अर्जाची अखेरची तारीख १५ ऑक्टोबर, म्हणजे ऐन परीक्षेच्या धामधुमीत. मुलाखतीची तयारी करावयास मग उरतात दोन-तीन आठवडे.

या दोन-तीन आठवड्यांत आपल्या घरांतून जी धावपळ होते तिच्याविषयी आज लिहावयाचे आहे. कारण आम्हाला वाटते की ही धावपळ चुकीच्या दिशेने होते. नवा सदरा शिवला जातो. "स्वतःविषयी सांगा" या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून पाठ केले जाते. छंद कोणते, समाजसेवा काय केली, आदर्श व्यक्ती कोण, याची जुळवाजुळव होते. नोकरीच्या मुलाखतीला हे सारे उपयोगी पडेलही. पण या मुलाखतीत त्यातले फारसे काही विचारलेच जात नाही. येथे विचारला जातो तो विषय. गणिताला अर्ज केला असेल तर गणित, वैद्यकाला केला असेल तर शरीर आणि रोग, इतिहासाला केला असेल तर इतिहास. समोर बहुधा दोन प्राध्यापक असतात, वेळ अर्ध्या तासाच्या आसपास, आणि ज्याचे उत्तर कोणत्याही टिपणवहीत नाही असा एखादा प्रश्न.

असे का? तर या दोन विद्यापीठांत शिकविण्याची रीतच तशी आहे. व्याख्याने असतात, प्रयोगशाळा असतात. पण त्याखेरीज एक, दोन किंवा तीन विद्यार्थी दर आठवड्याला प्राध्यापकासमोर बसतात, आपले लेखन किंवा सोडविलेली गणिते पुढे ठेवतात, आणि त्यांवर चर्चा होते. ऑक्सफर्डला या तासाला ट्यूटोरियल म्हणतात, केंब्रिजला सुपरव्हिजन. मुलाखत म्हणजे त्या तासाचा एक नमुना. विद्यार्थ्याला किती येते हे गुणपत्रिका सांगतेच. त्याला शिकविण्यात गोडी आहे का, नवी गोष्ट समोर आली की तो तिच्याशी झटापट करतो का, हे प्राध्यापकाला पाहावयाचे असते. ऑक्सफर्डला दरवर्षी तेवीस हजारांच्या आसपास अर्ज येतात, दहा हजारांच्या आसपास उमेदवारांची मुलाखत होते आणि जागा असतात सुमारे ३,३०० . मुलाखतीपर्यंत पोचलेल्या मुलांत गुणांनी कमी असे फारसे कोणी उरतच नाही. निवड होते ती विचारावरून.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या मुलांना ज्ञान कमी नाही. त्यांना सवय नाही ती मोठ्या माणसासमोर, चुकण्याची भीती न बाळगता, मोठ्याने विचार करण्याची. ही सवय दोन आठवड्यांत लागत नाही आणि पैसे मोजून विकत मिळत नाही. ती घरात आणि वर्गात लावावी लागते.

प्रश्न कोणत्या जातीचे असतात?

ऑक्सफर्ड विद्यापीठ नमुन्याचे प्रश्न आणि त्यांवर प्राध्यापकांचे स्पष्टीकरण विनामूल्य प्रसिद्ध करीत आले आहे. त्यांतला एक गणिताचा प्रश्न पाहा. भिंतीला शिडी टेकवून ठेवली आहे. तिची मधली पायरी वेगळ्या रंगाने रंगविली आहे. शिडीचे पाय जमिनीवर घसरत गेले आणि शिडी खाली आली, तर ती रंगीत पायरी हवेत कोणता आकार काढील?

बहुतेकांना आधी वाटते की ती वाट कोपऱ्याच्या बाजूला झुकलेली असावी. मग कागदावर दोन-तीन आकृत्या काढल्या की शंका येते. शिडी, भिंत आणि जमीन यांचा काटकोन त्रिकोण होतो. शिडी हा त्याचा कर्ण. कर्णाचा मध्यबिंदू काटकोनाच्या शिरोबिंदूपासून नेहमी कर्णाच्या निम्म्या अंतरावर असतो, हे आपली मुले शाळेतच शिकलेली असतात. शिडीची लांबी बदलत नाही, म्हणजे ते अंतरही बदलत नाही. तेव्हा पायरी वर्तुळाचा चतुर्थांश काढते, आणि तो कोपऱ्याकडे झुकत नाही, बाहेरच्या बाजूला फुगलेला असतो. यात ग्रेड ११ च्या पुढचे गणित एक अक्षरही नाही. मग अवघड काय? पहिला अंदाज चुकला हे दुसऱ्यासमोर कबूल करून, त्याच दमात पुढचे पाऊल टाकणे अवघड.

दुसरा प्रयोग घरी करून पाहावा. एक फूटपट्टी दोन्ही हातांच्या तर्जन्यांवर आडवी ठेवा, एक बोट टोकाजवळ आणि दुसरे मध्यापासून थोडे दूर. आता दोन्ही बोटे हळूहळू जवळ आणा. पट्टी पडेल असे वाटते. पण पडत नाही. आधी एक बोट सरकते, मग ते थांबते आणि दुसरे सरकते, आणि अखेर दोघे मध्यावर भेटतात. कारण मध्याच्या जवळ असलेल्या बोटावर भार अधिक, म्हणून घर्षण अधिक. दूरचे बोट हलके, म्हणून तेच घसरते. ते जवळ आले की त्याच्यावरचा भार वाढतो आणि पाळी बदलते. नववीतल्या मुलाला हे दाखवा आणि "असे का?" एवढेच विचारून स्वस्थ बसा. त्याने पाच मिनिटे धडपड केली तर ती पाच मिनिटे मुलाखतीच्या तयारीचीच समजावी.

तिसरा प्रश्न अंदाजाचा. आपल्या बेटावर जी हवा आहे तिचे वजन किती? पहिल्या क्षणी मूल हसते. पण समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे एक लाख न्यूटन, हे त्याला ठाऊक असते. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा हजार किलो, दहा टन हवा उभी आहे. मॉरिशस बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर. गुणाकार केला की उत्तर येते एक हजार नऊशे कोटी टनांच्या आसपास. येथे प्राध्यापक थांबत नाही. तो विचारील, "तुमच्या बेटावर डोंगर आहेत, पठार आहे, मग आकडा वाढेल की घटेल?" क्युरपीप समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, तेथे डोक्यावरची हवा पोर्ट लुईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. म्हणजे आकडा थोडा घटेल. क्युरपीपला राहणाऱ्या मुलाने हे कधी मनात आणले आहे काय?

वैद्यकाचा एक नमुना असा. इंग्लंडसह ब्रिटनमध्ये चार मृत्यूंपैकी सुमारे एक कर्करोगाने होतो, फिलिपाइन्समध्ये मात्र दहांपैकी सुमारे एक. असे का असावे? घाईघाईने "तेथील आहार चांगला" असे म्हणणारा विद्यार्थी अडकतो. जो म्हणतो, "थांबा, ही संख्या मृत्यूंतील वाट्याची आहे, रोग्यांची नव्हे, जेथे माणसे तरुणपणीच इतर रोगांनी मरतात तेथे हा वाटा कमी दिसणारच, शिवाय प्रत्येक रोगाचे निदान तेथे होते काय?" तो पुढे जातो. त्याला कर्करोगाची अधिक माहिती असते असे नाही. त्याने आकड्यालाच प्रश्न विचारलेला असतो.

विषय दूर नाही, दाराशी आहे

पुष्कळ पालकांना वाटते की लंडनच्या मोठ्या शाळांतील मुलांनी जे पाहिले-वाचले ते आपल्या मुलांना कोठून मिळणार. आम्हाला हे पटत नाही. हे बेट लहान आहे, पण विषयांनी भरलेले आहे.

वैद्यकाकडे जाणाऱ्या मुलीने आपल्या स्वयंपाकघरातील तेलाच्या बाटलीपासून आरंभ करावा. १९८७ साली आपल्या देशात रेशनच्या तेलात बदल झाला. पामतेलाच्या जागी मुख्यत्वे सोयाबीनचे तेल आले. १९८७ ते १९९२ या पाच वर्षांत लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलची सरासरी ५.५ वरून ४.७ वर उतरली, असे तपासणीत दिसून आले आणि जगभरच्या वैद्यकीय पत्रिकांनी त्याची दखल घेतली. आता प्रश्न असा : हे तेलामुळेच झाले, हे कशावरून? त्याच काळात धूम्रपान, मद्यपान आणि व्यायाम यांविषयी मोहीम चालू होती, तिचा वाटा किती? एका देशात तेल बदलले आणि तुलनेला दुसरा देश नाही, तर कारण आणि परिणाम कसे जोडावेत? ही चर्चा जेवणाच्या टेबलावर करता येते, आणि आजीलाही तिच्यात भाग घेता येतो, कारण जुने तेल तिने वापरलेले असते.

गणित आणि जीवशास्त्र दोन्हींची आवड असणाऱ्याने सर रोनाल्ड रॉस यांचे नाव ऐकलेले असावे. मलेरिया डासांवाटे पसरतो हे सिद्ध करणारे हे गृहस्थ १९०७ साली आपल्या बेटावर आले आणि १९०८ साली त्यांनी मॉरिशसमधील मलेरियाच्या प्रतिबंधाविषयी अहवाल लिहिला. मलेरिया हटविण्यासाठी शेवटचा डास मारावा लागत नाही, डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरे, हा विचार त्यांनी त्यात आकडेमोड करून मांडला. का पुरे, हे ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आले त्याने आजच्या साथरोगशास्त्राचे दार उघडले असे समजावे.

जीवशास्त्रासाठी आपला ससाण्याच्या जातीचा पक्षी, मॉरिशस केस्ट्रेल, आहे. १९७४ साली रानात त्याचे केवळ चार पक्षी ठाऊक होते. प्रयत्नांती संख्या शेकड्यांवर गेली. चारांतून शेकडो झाले म्हणजे संकट टळले काय? सगळे एकाच मूठभर कुटुंबातले असतील तर पुढे काय?

अर्थशास्त्रासाठी ऊस आहे. १९७५ सालच्या करारानुसार युरोप आपली साखर ठरलेल्या चांगल्या भावाने घेत असे. युरोपने तो भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरविला आणि २००९ साली तो करार संपला. हमीचा भाव हे भले होते की त्याने आपल्याला एकाच पिकाला बांधून ठेवले? कायद्यासाठी तर आपला देश म्हणजे चालती-बोलती शाळा : नागरी कायदा फ्रेंच वळणाचा, शासनाचा कायदा इंग्रजी वळणाचा. १९६८ साली स्वतंत्र झालेल्या आणि १९९२ साली प्रजासत्ताक झालेल्या देशाचे शेवटचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते, हे योग्य की अयोग्य? दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटे बोलता आले पाहिजे.

आणि इतिहासासाठी? मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. मुंबई बंदरातून जहाजावर चढलेल्या, रत्नागिरीकडच्या गावांतून निघालेल्या माणसांची नावे त्यांत आहेत. ती कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली. उंची लिहिली, वय लिहिले, गाव लिहिले. घर का सोडले हे लिहिले नाही. ही वही कोणी, कोणासाठी, कशासाठी ठेवली? तिच्यावरून काय सिद्ध होते आणि काय मुळीच होत नाही? इतिहासाच्या मुलाखतीत असाच एखादा अनोळखी कागद हाती देऊन हेच विचारले जाते. आपल्या पणजोबांच्या नोंदीवर ज्याने असा विचार केला आहे त्याला परका कागद परका वाटणार नाही.

मान आणि मौन

आता अवघड गोष्ट. आपल्या घरांत मुलाला लहानपणापासून सांगितले जाते, "मोठ्यांसमोर उलट बोलू नये." ही शिकवण आपल्या आजी-आजोबांनी कोकणातून आणली आणि तिने आपली घरे सांभाळली, हे आम्ही नाकारीत नाही. पण तिचा अर्थ हळूहळू असा झाला की मोठ्यांसमोर बोलूच नये. मुलगी असेल तर ते अधिकच. मग सतरा-अठरा वर्षे गप्प राहिलेल्या मुलाकडून आपण अपेक्षा करतो की डिसेंबरातल्या एका संध्याकाळी त्याने परक्या प्राध्यापकाला म्हणावे, "सर, तुम्ही म्हणता ते मला पटत नाही, कारण असे असे."

प्राध्यापक मुद्दाम उलट बाजू घेतो. मुलाचे म्हणणे बरोबर असले तरी तो विचारतो, "खरेच काय?" तेथे आपले मूल लगेच माघार घेते. त्याला वाटते, वडीलधाऱ्याने शंका घेतली म्हणजे आपलेच चुकले असणार. प्राध्यापकाच्या लेखी ती नम्रता ठरत नाही. त्याला वाटते, याचा स्वतःच्या तर्कावर विश्वास नाही. उलट काही वेळा तो मदतीचा धागा टाकतो, "हेच जर चंद्रावर घडले असते तर?" आणि आपले मूल तो धागा न पकडता आपले पाठ केलेले वाक्य पूर्ण करण्यात गुंतलेले असते. दोन्हींचे मूळ एकच. संवादाची सवय नाही.

उद्धटपणे बोलणे वेगळे आणि कारण देऊन मतभेद सांगणे वेगळे, हा भेद मुलांना शिकविला पाहिजे. मान शब्दांत आणि स्वरात ठेवावा. विचारात मौन ठेवू नये. जे घर हे शिकविते त्या घरातला संस्कार कमी होत नाही, उलट पक्का होतो.

भाषेचाही प्रश्न आहे. आपली मुले घरी क्रेओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात, परीक्षा इंग्रजीत लिहितात. इंग्रजी त्यांच्या हातात आहे, जिभेवर नाही. उच्चार कसा आहे हे प्राध्यापक तपासत नाहीत, तेव्हा त्याची लाज नको. मात्र "आधी मी हे गृहीत धरतो", "हे बरोबर असेल तर असे व्हावयास हवे", "मला येथे शंका वाटते", असली साधी वाक्ये इंग्रजीत सहज तोंडी यावीत एवढा सराव हवा.

ट्यूशनचा मार्ग

येथे कोणी म्हणेल, मग मुलाखतीची ट्यूशन लावू. आपल्या देशात ज्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही त्याला ट्यूशन लावण्याची रीतच आहे. आता परदेशांतूनही मुलाखतीच्या तयारीची महाग शिकवणी घरबसल्या मिळते आणि काही कुटुंबे त्यासाठी कर्ज काढण्यासही तयार होतात. आम्ही स्पष्ट लिहितो : तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार आहे, आणि विहीर दुसऱ्याच्या शेतात आहे. ट्यूशनमध्ये शेकडो संभाव्य प्रश्न आणि त्यांची देखणी उत्तरे मिळतात. अनुभवी प्राध्यापकाला पाठ केलेले उत्तर ओळखू येते आणि मग तो प्रश्नाला लगेच दुसरे वळण देतो. पाठांतर जितके पक्के, तितके ते वळण घेणे मुलाला जड जाते. पी हळद अन् हो गोरी, असे येथे चालत नाही.

गुणांसाठी पाठांतर लागते, हे आम्ही शिक्षक म्हणून जाणतो. जुन्या प्रश्नपत्रिका सोडविल्याशिवाय परीक्षा सुटत नाही. पण परीक्षेचा अभ्यास हा पाया आहे. मुलाखत विचारते, त्या पायावर उभे राहून तुम्हाला किती दूरचे दिसते.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, ग्रेड १२ च्या आरंभापासून आठवड्यात एकदा अर्धा तास राखून ठेवावा. वर्गात जे शिकविले त्याच्या एक पाऊल पुढचा प्रश्न घ्यावा आणि मुलाने तो कागद-पेन्सिल घेऊन, मोठ्याने बोलत सोडवावा. उत्तर आले की नाही याला महत्त्व नाही; प्रत्येक पावलाचे कारण सांगितले की नाही हे पाहावे. एखादा अनोळखी आलेख, नकाशा किंवा उतारा समोर ठेवून "यात काय दिसते?" असे विचारावे. आधी दिसते ते सांगावे, मग त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट, विचारणाऱ्याने थांबावयास शिकावे. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांचे निरीक्षण केले तेव्हा त्यांना आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि त्यांत कारणे येऊ लागली. शिक्षक-प्रशिक्षणात हे शिकविले जाते, पण घरीही तेच लागू आहे. वडिलांनी प्रश्न विचारावा आणि मनात पाचपर्यंत मोजावे. तेवढ्या वेळात स्वतः उत्तर देऊन टाकू नये.

तिसरी गोष्ट, विषय न जाणणाऱ्याला समजावून सांगण्याचा सराव. धाकट्या भावाला, मावशीला, आजोबांना. अशिक्षित आजीने विचारलेल्या "म्हणजे काय रे?" या प्रश्नात मोठ्या विद्वानाच्या प्रश्नाइतकीच धार असते. म्हणून ज्या पालकांनी स्वतः कॉलेज पाहिले नाही त्यांनी मागे राहू नये. विषय येण्याची गरज नाही, कुतूहल पुरे.

चौथी गोष्ट, अर्जात जे लिहिले तेवढे तरी पुरते ठाऊक असावे. न वाचलेल्या पुस्तकाचे नाव अर्जात घालणे म्हणजे आपल्याच वाटेत खड्डा खणणे. दोनच पुस्तके वाचावीत, पण लेखकाशी कोठे पटले नाही हे सांगता यावे.

पाचवी गोष्ट समाजाची. आपल्या मंडळांना सभागृहे आहेत. आपल्यातून परदेशी शिकून आलेले डॉक्टर, वकील, अभियंते आहेत. त्यांनी महिन्यातून एका शनिवारी दोन तास द्यावेत, दोन खुर्च्या आणि एक फळा मांडावा, आणि जो येईल त्याला अनोळखी प्रश्न विचारावेत. ज्याच्या घरी विचारणारे कोणी नाही त्या मुलाला याचा सर्वांत जास्त लाभ होईल. सत्कार समारंभात शाल-श्रीफळ देण्यापूर्वीचे हे काम आहे, आणि अधिक मोलाचे.

त्या दिवशी

परदेशच्या उमेदवारांची मुलाखत आता घरबसल्या संगणकावर होते. विमानाचा खर्च वाचला, हे चांगलेच. डिसेंबरात ब्रिटनची वेळ आपल्या चार तास मागे असते; तेथले दुपारचे दोन म्हणजे आपले संध्याकाळचे सहा. बोलावण्यात वेळ कोणत्या देशाची लिहिली आहे ते नीट वाचावे. आपल्याकडे तो वादळांचा मोसम. वीज किंवा जोडणी गेली तर कोणाला कळवावयाचे तो क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा. शाळेतली खोली मिळाली तर उत्तम. घरीच असेल तर आईवडिलांनी खोलीबाहेर राहावे. पडद्यामागून खुणा करणारे वडील आणि मध्येच चहा आणणारी आई, दोघांचाही हेतू चांगला. पण मुलाचे लक्ष तेवढेच ढळते.

मुलाने लक्षात ठेवावे : प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. विचार करावयास क्षणभर वेळ मागता येतो. "मला ठाऊक नाही" एवढ्यावर थांबू नये. "मला ठाऊक नाही, पण मी येथून आरंभ करीन" असे म्हणावे. चूक लक्षात आली तर ती स्वतः दाखवून दुरुस्त करावी. ती दुरुस्ती हाच पुष्कळदा सर्वांत चांगला क्षण असतो.

निवड झाली नाही तर

मुलाखत झालेल्या तिघांपैकी सुमारे दोघांना नकार येतोच. त्यांत उत्तम मुले असतात. नकार आला म्हणून मूल हरले असे घराने मानू नये. शेजारीपाजारी त्याची चर्चा तर मुळीच करू नये. आपले स्वतःचे मॉरिशस विद्यापीठ आहे, इतर देशांत चांगली विद्यापीठे आहेत; आणि जी दोन वर्षे विचार करण्यात गेली ती कोणी परत मागत नाही. उद्या ही मुलगी डॉक्टर झाली तर रोग्याचे म्हणणे ऐकून ती आपले पहिले निदान बदलू शकेल. हा मुलगा शिक्षक झाला तर वर्गातल्या शंकेला तो रागावणार नाही.

म्हणून आमची पालकांस विनंती एवढीच आहे. आज रात्री जेवताना मुलाला "किती गुण मिळाले?" असे विचारू नका. "आज काय कळले नाही?" असे विचारा. तो बोलू लागला की मध्ये बोलू नका. आणि बोलता बोलता त्याने तुमच्याच एखाद्या मताला कारण देऊन विरोध केला, तर रागावू नका, आणखी एक प्रश्न विचारा.